श्रावणात मोजलेली माणसं

बावीस वर्षं मी नक्की काय काम केलं, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलंच तर तो म्हणतो, "कंप्युटरवर माणसं चालवायचा." ऐकणारा माझ्याकडे जरा संशयाने बघतो आणि जेवणाच्या रांगेकडे वळतो. भावाचं काही चुकत नाही. मी तेच करत होतो.

एखादा पादचारी पूल, जिना, बाजाराचं तोंड किंवा देवळाबाहेरची रांग बदलायची असेल, तर तिथे गर्दी कशी वागेल ते आधी पडद्यावर करून बघायचं, हा आमचा धंदा. जागेचा नकाशा काढायचा आणि त्यात माणसं सोडायची. पडद्यावर माणूस म्हणजे एक ठिपका. प्रत्येक ठिपक्याला अंगाचा घेर द्यायचा, चालायचा वेग द्यायचा, तो कुठून निघाला आणि त्याला कुठे पोचायचंय ते सांगायचं. शिवाय काही शिस्त लावायची: कोणाला धडकू नको, भिंतीला घासू नको, पुढे तुंबलेलं दिसलं तर बाजूने वाट काढ. मग बटण दाबायचं आणि हजारभर ठिपके मुंग्यांसारखे चालताना बघत बसायचं.

आमचं सॉफ्टवेअर परदेशी होतं आणि त्यातला माणूस भलताच लाजरा. त्याला चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा लागायची. पहिल्यांदा आम्ही त्याला अंधेरीतल्या एका जिन्यावर सोडला, तर तो पहिल्याच पायरीवर थबकला आणि मागचे सगळे त्याच्यामागे सभ्यपणे उभे राहिले. अख्खा जिना हलेना. माझ्यासमोरच्या टेबलावर दीपाली बसायची. बोरिवलीची, वयाने माझ्याहून लहान, हुद्द्याने बरोबरीची आणि तोंडाने वरचढ. ती म्हणाली, "परब, याला कोणीतरी सांग रे, इथे खांदा तिरका करून घुसायचं असतं." आम्ही दोघांनी तीन आठवडे खपून ठिपक्यांना खांदा तिरका करायला शिकवलं. नोकरीत मला कधी बढतीबिढती फारशी मिळाली नाही, पण हे आम्ही केलं याचा मला अजून अभिमान आहे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. घाटकोपरच्या एका दुकान-संकुलाचे मालक म्हणाले, "लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. जरा हरवायला पाहिजेत." आम्ही त्यांचा एक सरकता जिना पलीकडे न्यायला सांगितला. आता तिथे गेलो की मीच हरवतो. मुलुंडच्या एका शाळेत मात्र सुटायच्या वेळी फाटकाशी मुलं चेंगरतील अशी सगळ्यांना भीती होती आणि मोठं फाटक बांधायचं घाटत होतं. तिथे तीन दिवस उभं राहिल्यावर कळलं, की पालक सूचनाफलक वाचायला ऐन तोंडावर थांबतात. फलक वीस पावलं आत नेला, काम झालं. एवढ्यासाठी कंप्युटर कशाला लागतो, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि त्यांचंही बरोबर होतं.

आमच्या कामात सगळ्यात अवघड काही असेल, तर तो नेहमीचा दिवस. मोजणी नेहमीच्या दिवशी करायची असा नियम आहे, आणि मुंबईत असा दिवस शोधायला बसलं की सापडत नाही. आज पाऊस आहे, उद्या सामना आहे, परवा संकष्टी, त्यानंतर शाळांना सुट्टी, रविवारी गाड्या बंद, मग गणपतीची खरेदी. चुकीच्या दिवशी मोजलं की पुढचं सगळं चुकतं, मग ठिपके कितीही झकास चालोत. कंपनीत नवा माणूस आला की यावर मी त्याला अर्धा तास भाषण द्यायचो. दीपाली मागून माझी नक्कल करायची.

आता जे सांगायचंय ते याच भाषणाबद्दल आहे.

माझी बायको सुनंदा गेली, तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. आम्हाला मूल नाही. अंधेरी पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा. ती गेल्यावर त्यातली एक खोली मला लागेनाशी झाली. ऑफिसातून निघताना दीपालीला "येतो" म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "आलो" म्हणायचो. मधल्या वेळात माझ्याशी एकच माणूस बोलायचं, आणि ती होती भागीमावशी.

आमच्या भागात एक पादचारी पूल आहे. त्याचा जिना जिथे उतरतो, तिथे भिंतीला लागून नऊ कोळणी मासळी घेऊन बसायच्या. भागीमावशी त्यातली सगळ्यात जुनी. खारदांड्याची. सुनंदा वर्षानुवर्षं तिच्याकडून मासळी घ्यायची, मी मागे पिशवी धरून उभा असायचो. सुनंदा गेल्यावर मी दोन महिने मान खाली घालून तिथून जात होतो. मासळी मला निवडता येत नव्हती आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरत नव्हतं. एका बुधवारी तिनेच हाक मारली.

"परब, कवाची बघतंय मी. बायको कय हाय तुजी?"

मी सांगितलं.  समोरच्या मांदेलीच्या ढिगातली अर्धी उचलून तिने साफ केली, माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "कालवन तुला जमाचा न्हाय. मीठ-हळद लाव नि तळून खा. जळली तर जळली."

जळलीच. पण शुक्रवारी मी परत गेलो. पुढे बुधवार, शुक्रवार, रविवार हे माझे वार झाले. चिंबोरी कशी धरायची, बोंबील दाबून पाणी कसं काढायचं, बर्फातलं पापलेट कसं ओळखायचं, हे सगळं मी त्या जिन्याच्या पायथ्याशी शिकलो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती मला प्रत्येक वेळी ओरडायची. "बारीक झालास", "बटन तुटलंय", "दाढी कर रं". संसारातून उठलेल्या माणसाला कोणीतरी ओरडणारं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग तो पूलच आमच्याकडे कामाला आला.

संध्याकाळी तिथे तुंबायचं, हे खरंच होतं. वरून उतरणारे, खालून चढणारे आणि मासळी घ्यायला थांबलेले, तिघांची गाठ पायथ्याशी पडायची. एखाद दिवशी कोणी पडलं असतं तर उचलायलाही जागा नव्हती. मागच्या बाजूला बाजाराची इमारत आहे, तिच्यात ओटे बांधून कोळणींना तिकडे न्यायचं, असं संबंधित कार्यालयाच्या मनात होतं. किती माणसं जातात, किती विक्रेत्या बसतात, किती गिऱ्हाइकं थांबतात, हे मोजायचं आणि जागा मोकळी केली तर काय फरक पडेल ते पडद्यावर दाखवायचं, एवढं आमचं काम. जितक्या विक्रेत्या मोजल्या जातील, तितके ओटे बांधले जाणार होते. कामाचा कागद आषाढ संपता संपता आला. अहवाल गणपतीच्या आधी हवा होता.

आम्ही श्रावणात मोजलं.

वाचकांपैकी जे मासे खातात, त्यांना पुढचं सांगायला नको. जे खात नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. पावसात मासेमारी बंद असते, होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला दर्यात जातात. त्यात श्रावण म्हणजे निम्म्या घरांत मासळी वर्ज्य. कोळणींमधल्या बऱ्याचजणी त्या महिन्यात येतच नाहीत. आमच्या मोजणीच्या चारही दिवशी नऊपैकी तिघी बसल्या होत्या: भागीमावशी, तिच्या शेजारची रेखा आणि सुकट-जवळा घेऊन बसणारी एक म्हातारी. गिऱ्हाइकं तुरळक.

श्रावण मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? मी मालवणचा. सुनंदा श्रावण पाळायची म्हणून तिच्यामागेही मी पाळत राहिलो होतो. मोजणीच्या दिवशी माझ्या डब्यात वालाचं बिरडं होतं. त्या महिन्यात भागीमावशीकडे न थांबणाऱ्या माणसांत मी स्वतः होतो, आणि तरी तिच्यापासून दहा पावलांवर उभा राहून मी हातातल्या यंत्राचं बटण दाबत होतो. डोक्यात होता तो तुंबलेला जिना. पाऊस नाही, सामना नाही, सुट्टी नाही, म्हणून मी त्या चार दिवसांना नेहमीचे दिवस म्हणून टाकलं.

तिने मला बघितलं होतं.

"काय मोजतंस रं?"

"माणसं."

"आमाला पन?"

"तुम्हालाही."

"मंग नीट मोज," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

ऑफिसात त्या तीन विक्रेत्या मी पडद्यावर स्वतः काढल्या. माणूस चालत असेल तर तो ठिपका. बसून असेल तर तो अडथळा, आणि अडथळा चौकोनी काढतात. भागीमावशीचा चौकोन मी काढला, तिच्या पाटीसकट. मग तिन्ही चौकोन पुसून पुन्हा ठिपके सोडले. जिना सुरळीत वाहायला लागला. दीपाली खुर्ची सरकवून बघायला आली. "मस्त रे परब," ती म्हणाली. तिच्या घरी सात पिढ्यांत कोणी मासळीला हात लावला नव्हता. तिला यात काही खटकण्याचं कारण नव्हतं.

मला ते कळलं भर बैठकीत. कार्यालयातले साहेब सज्जन होते. अहवालाचं पान उलटताना ते थांबले. "विक्रेत्या फक्त तीन? मला वाटलं जास्त असतील."

 नऊ पाट्या, नऊजणी, त्यांची बसायची क्रमवारी, सगळं डोळ्यांसमोर आलं. अजून उशीर झाला नव्हता. "साहेब, श्रावणामुळे आकडा चुकलाय, महिन्याभराने परत मोजू" एवढं म्हणायचं होतं. पण मग गणपती, त्यामागून पितृपक्ष, पुढे नवरात्र. मोजणी थेट दिवाळीवर गेली असती. आमचे मालक शेजारीच बसले होते. तरी खरं सांगायचं तर मला मालकांची भीती वाटली नाही. मला लाज वाटली. नेहमीच्या दिवसावर भाषण देणाऱ्या माणसाने शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक केली होती, आणि ती दीपालीसमोर कबूल करायची होती.

"सर्वेक्षणाच्या दिवशी तीनच होत्या," मी म्हणालो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेबांनी पान उलटलं.

खाली उतरल्यावर दीपालीने विचारलं, "चेहरा का पडलाय तुझा?" मी म्हटलं, "पित्त झालंय." तिने पर्समधून गोळी काढून दिली. ती मी तिच्यासमोर गिळली.

गणपतीनंतर काही दिवसांनी पायथा मोकळा झाला. आमचं गणित बरोबर निघालं. जिना खरंच वाहायला लागला, पेपरात दोन ओळीही आल्या. मागच्या इमारतीत तीन ओटे बांधले गेले. मी तिकडे फिरकलो नाही. पलीकडच्या जिन्याने जायला लागलो. तो लांब पडतो, पण तिकडून बाजार दिसत नाही. दीड-दोन महिने मी मासळी खाल्ली नाही. त्या दिवसांत ऑफिस सुटल्यापासून सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. एकदा चुकून कोणाचा तरी फोन आला तर आवाजच फुटेना, खाकरून घ्यावं लागलं.

शेवटी एका रविवारी गेलो. तीन ओट्यांवर सहाजणी दाटीने बसल्या होत्या. उरलेल्या दोघी मागे पाटी मांडीवर घेऊन पाळीची वाट बघत होत्या. भागीमावशी नव्हती. तिच्या जागेवर बसलेल्या रेखाला विचारलं.

"ती न्हाय येत आता," रेखा म्हणाली. "ओटा मना दिला नि घरी बसली. सगल्यांत जुनी ती, पयला ओटा तिचाच होता. आमी किती बोललो, ऐकलाच न्हाय."

खारदांड्याला मी त्याच दुपारी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. ती दारात जाळं दुरुस्त करणाऱ्या मुलाशी काहीतरी भांडत बसली होती. मला बघितल्यावर मुलाला आत पाठवलं.

"आयलास," ती म्हणाली. "बारीक झालास."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मोजणी श्रावणातली होती, तीन आकडा चुकीचा होता, मला बैठकीतच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. ती ऐकत होती.  संपल्यावर म्हणाली, "ते मना म्हाईत हाय. तीन ओटे बघितले तवाच समजला. श्रावनात आमी तिघीच होतो."

"मग मला काही बोलला नाहीत?"

"तू कय होतास बोलाला?"

मी खाली बघितलं. मग तिने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. जिन्याखालची जागा सोडायची नोटीस लागली तेव्हा बाकीच्या बाया चिडल्या होत्या. सगळ्यांनी मिळून कार्यालयात जायचं, आम्ही नऊजणी आहोत हे तोंडावर सांगायचं, असं ठरलं होतं. भागीमावशीनेच त्यांना थांबवलं.

"मी बोलले, कशाला जाताव? आपला मानूस मोजतंय. परब हाय तिथं." ती जाळ्याच्या टोकाशी चाळा करत होती. "म्हनून मी उठले. माज्या सबदावर त्या बसल्या होत्या. मंग मी ओट्यावर कशी बसू?"

 सून चहा घेऊन आली. आम्ही दोघांनी तो प्यायला. चहा झाल्यावर मी म्हटलं, की मी कार्यालयाला लिहितो, चूक माझी आहे म्हणून कळवतो, आणि बायांसमोरही येऊन सांगतो.

"कार्यालयाला लिव, खुशाल लिव. कागद कोन वाचतंय." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "बायांना नको सांगू. त्यांना वाटतंय सायबाने आकडा खाल्ला. तसाच वाटू दे. तू सांगितलास तर म्हनतील, भागीने कोनाला आपला म्हटला? मी हाय तवर नको सांगू."

मी कबूल केलं.

कार्तिकात मी सुट्टी काढून जिन्यावरची आणि ओट्यांपाशी थांबणारी माणसं स्वतः पुन्हा मोजली. या वेळी दीपालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस ना रे, मी कुठे तुला खाणार होते?" तिनेच माझ्यासोबत बसून पडद्यावर नवं चित्र केलं. जिन्याच्या पोटाखाली थोडी जागा कोरली, तर नऊजणी बसूनही जिना जवळजवळ तितकाच वाहत होता. आधीच्या अहवालात कोणी हा पर्याय करून बघितला नव्हता, कारण तिघींसाठी त्याची गरजच नव्हती. मी ते चित्र, नवे आकडे आणि माझ्या चुकीची कबुली असं सगळं पाठवलं. काम पूर्ण झाल्याने प्रकरण बंद केलं आहे, असं उत्तर आलं. वर्षाभराने आणखी दोन ओटे मिळाले, ते माझ्या पत्रामुळे की बायांच्या भांडणामुळे, मला माहीत नाही. भागीमावशी परत बसली नाही.

मी मात्र दर रविवारी खारदांड्याला जायला लागलो. आधी चूक केली म्हणून गेलो, नंतर जायची सवय झाली, आणि निवृत्तीनंतर तर आठवड्यात तेवढा एकच दिवस उरला. मावशी जेवायला घालायची आणि ओरडायची. अधूनमधून बाजारातल्या बाया यायच्या. त्यांच्यातली कोणीतरी माझ्यासाठी आतून खुर्ची आणायची. "परब आयले. आपल्या बाजूने लिवला होता त्यांनी सायबाला," असं रेखा नव्या सुनांना सांगायची. मावशी तेव्हा माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिच्याकडे.

यंदा शिमग्यानंतर ती गेली. आठवडाभर ताप होता, एवढंच.

तिच्या बाराव्याला मी गेलो होतो. आठही बाया होत्या. खूप माणसं होती आणि अंगणात जागा नव्हती, तरी रेखाने गर्दीतून वाट काढत खुर्ची आणली आणि सगळ्यांच्या पुढे, घरच्या माणसांत ठेवली. मी बसलो. त्यानंतरचे सगळे रविवार मी तिथे गेलोय, जेवलोय, आणि प्रत्येक वेळी आज सांगू म्हणत न सांगता परत आलोय.

संपादकांनी कामातले गमतीचे अनुभव मागवले होते, आणि मी हे लिहून बसलोय. अंक हातात पडला की पहिल्या रविवारी मी तो घेऊन खारदांड्याला जाणार आहे. बायांपैकी दोघीतिघींनाच वाचता येतं, म्हणून मीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवीन, एक ओळ न गाळता. त्याच्या पुढच्या रविवारी कुठे जायचं, ते मला माहीत नाही.